घाटाखालचे परके

(नभोवाणीवरील भाषण)

मुंबईहून पुण्यास जाणारी आगगाडी कर्जतला थांबते, ती उतारूंच्या सोयीपेक्षां घाटाच्या गरजेनें. पुढील चढ एकट्या इंजिनास झेपत नाहीं, म्हणून गाडीच्या मागें आणखी इंजिनें जोडतात आणि तेवढ्या अवकाशांत वडेवाले खिडकीखिडकीशीं फिरून घेतात. त्या वेळीं फलाटावर व स्टेशनाबाहेर जीं माणसें दिसतात, त्यांच्याकडे शहरी उतारूचें लक्ष क्वचितच जातें. पाठीवर पिशवी टाकून खोपोलीच्या गाडीची वाट पाहणारा उत्तर हिंदुस्थानांतील एखादा तरुण त्यांत असतो. नेरळ-कर्जतच्या नव्या इमारतींवर काम करणारे, आपापसांत बंगालींत बोलणारे दोघे-तिघे असतात. आणि दिवाळी सरली कीं भांडींकुंडीं, कोंबड्या व मुलें यांसह वीटभट्टीच्या टेंपोंत चढणारीं कातकरी कुटुंबेंहि असतात.

या गर्दींत परका कोण आणि घरचा कोण, असें एखाद्यानें विचारलें, तर उत्तर देण्यास विलंब लागूं नये, असें पुष्कळांस वाटतें. बोलीवरून, पेहरावावरून तें सांगतां येईल, अशी त्यांची समजूत असते. परंतु कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांचा इतिहास व त्यांची आजची स्थिति पाहिली, म्हणजे हें उत्तर वाटतें तितकें सोपें राहत नाहीं. परदेशांतून बेकायदा येऊन राहणाऱ्या लोकांविषयीं सध्यां जो वाद देशभर चालू आहे, त्याचा न्याय्य निकाल कोणत्या दिशेनें लागावा, याचा कांहीं बोध या घाटाच्या पायथ्याशींच मिळण्यासारखा आहे.

प्रथम घाटाचीच कथा घ्यावी. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेनें १८५३ सालीं मुंबई-ठाणें हा पहिला मार्ग खुला केला आणि १८५६ च्या आरंभीं बोर घाट चढून जाण्याचें काम हातीं घेतलें. सुमारें पावणेसोळा मैलांच्या अंतरांत १,८३१ फूट उंची गांठावयाची, त्यासाठीं पंचवीस बोगदे कोरावयाचे, आणि हें सगळें सुरुंगाची दारू, पहार व माणसाचा खांदा यांच्या बळावर! एवढें मनुष्यबळ घाटाखालच्या विरळ वस्तींत मिळणें शक्यच नव्हतें. मजूर बाहेरून आणावे लागले. काम ऐन भरांत आलें तेव्हां चाळीस हजारांहून अधिक माणसें या डोंगराच्या अंगाखांद्यावर राबत होतीं. पावसाळा लागला कीं काम थांबे आणि माणसें पांगत. पाऊस सरला कीं तीं पुन्हा जमत. पटकीची सांथ आली म्हणजे मजुरांचे तळ ओस पडत.

जानेवारी १८५९ मध्यें या मजुरांचा धीर सुटला. थकलेल्या मजुरीवरून ठेकेदाराच्या युरोपीय माणसांविरुद्ध दंगल उसळली. चौकशी झाली, आणि मजुरांच्या तक्रारींत तथ्य असल्याचें दिसून आलें. या प्रकरणांतून १८६० सालीं मालक व मजूर यांच्या तंट्यांचा कायदा झाला. लोहमार्ग, कालवे आदि सार्वजनिक कामांवरील मजुरीच्या तक्रारींचा झटपट निवाडा करण्याचा अधिकार त्यानें मॅजिस्ट्रेटांना दिला. परंतु त्याच कायद्यानें करार मोडून काम सोडणाऱ्या मजुरास शिक्षेसहि पात्र ठरविलें. एका हातानें मजुरी मिळवून द्यावयाची आणि दुसऱ्या हातानें मजुरास बांधून ठेवावयाचें, असा हा प्रकार १९३२ सालीं तो कायदा रद्द होईपर्यंत पुस्तकांत राहिला. घाट मात्र २१ एप्रिल १८६३ रोजीं खुला झाला. तेव्हांपासून त्यावरून जाणाऱ्या कोट्यवधि उतारूंपैकीं कोणीं बोगदा खोदणाऱ्याचा मुलूख विचारल्याचें ऐकिवांत नाहीं.

दुसरें उदाहरण नदीचें आहे. राजमाचीच्या परिसरांत उगम पावणारी उल्हास नदी कर्जतवरून वाहत कल्याणकडे जाते. फाळणीनें सिंधमधून उखडलेले सुमारें एक लाख लोक कल्याणजवळच्या लष्करी छावणींत येऊन राहिले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनीं तेथील नव्या नगराची कोनशिला बसविली, तेव्हां त्यास या नदीवरून उल्हासनगर हें नांव देण्यांत आलें. कर्जतकडे जाणारी लोकलगाडी आज त्याच नगरांतून जाते. या लोकांपाशीं जमिनीचे उतारे नव्हते, कित्येकांपाशीं अंगावरील वस्त्रांखेरीज कांहीं नव्हतें. तरीहि सरकारला त्यांची व्यवस्था लावतां आली, कारण नियम स्पष्ट होता. राज्यघटनेच्या सहाव्या कलमानें १९ जुलै १९४८ ही तारीख ठरवून दिली होती: त्यापूर्वीं येऊन येथें राहिलेले ते नागरिक मानावे, आणि नंतर आलेल्यांनीं सहा महिन्यांच्या वास्तव्यानंतर अधिकाऱ्यापुढें अर्ज करून नोंद करावी. नियम सर्वांस ठाऊक होता, नोंद करणारा अधिकारी हाताशीं होता, आणि अर्जदारास जें सिद्ध करावयाचें तें त्याच्या आवांक्यांतलें होतें. न्याय्य धोरणाचीं हीं तीन लक्षणें पुढील विवेचनांत ध्यानांत ठेवण्यासारखीं आहेत.

आतां सांप्रतच्या वादाकडे वळावें. कायदा काय म्हणतो, हें आधीं पाहिलें पाहिजे. परकीयांविषयींचा १९४६ चा कायदा व त्याच्या जोडीचे इतर जुने कायदे रद्द होऊन त्यांच्या जागीं २०२५ चा आप्रवास व परकीय नागरिक कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून लागूं झाला आहे. वैध पारपत्र व प्रवेशपत्र नसतां देशांत शिरणाऱ्यास पांच वर्षांपर्यंत कैद किंवा पांच लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. बनावट पारपत्र वापरणाऱ्यास कैद किमान दोन व कमाल सात वर्षांची आहे. जुन्या कायद्यांतील एक महत्त्वाचें तत्त्व नव्यांतहि कायम आहे: आपण परके नाहीं, हें सिद्ध करण्याचा भार ज्याच्याविषयीं शंका घेतली त्याच्यावरच असतो. आसामपुरता १९८३ चा जो निराळा कायदा होता, त्यांत हा भार तक्रार करणाऱ्यावर होता. तो कायदा सर्वोच्च न्यायालयानें २००५ सालीं घटनाबाह्य ठरवून रद्द केला.

कडक धोरणाचा आग्रह धरणाऱ्यांचें म्हणणें उपेक्षेनें बाजूस सारण्यासारखें नाहीं. आपल्या हद्दींत कोण राहतो हें जाणण्याचा अधिकार कोणतेंहि राज्य सोडूं शकत नाहीं. सीमेवरून माणसें आणणारे दलाल, बनावट कागद करून देणारे कारागीर आणि पैसे घेऊन डोळेझांक करणारे अधिकारी हे काल्पनिक नाहींत. शिवाय ज्याला पोलिसांची भीति आहे, तो मजूर मजुरीसाठीं भांडत नाहीं. तो मिळेल त्या दरानें राबतो, आणि त्याच्या स्वस्तपणाचा पहिला फटका शेजारच्या गरीब मजुरास बसतो. रांगेंत उभें राहून, नियम पाळून येणाऱ्यांवरहि हा अन्यायच आहे.

उलट पक्षाचें म्हणणेंहि तितकेंच विचारार्ह आहे. मालदा किंवा मुर्शिदाबाद येथील मजूर जी भाषा बोलतो, तीच सीमेपलीकडे बोलली जाते. द्रुतगति मार्गाच्या कडेच्या बांधकामांवर, खोपोलीच्या पोलादाच्या कारखान्यांत, पाताळगंगेच्या औद्योगिक वसाहतींत परप्रांतीय मजूर येतो तो घटनेच्या एकोणिसाव्या कलमानें. देशांत कोठेंहि जाण्याचा व राहण्याचा त्याचा हक्क मुंबईकरानें कर्जतला घर घेण्याच्या हक्काइतकाच पक्का आहे. भाषेवरून संशय घेतला, तर हा हक्क कागदावर राहतो. जून २०२५ मध्यें महाराष्ट्रांत पकडून बांगला देशाच्या हद्दींत ढकललेले पश्चिम बंगालचे कांहीं रहिवासी पुढें भारतीयच असल्याचें आढळून आलें, आणि त्यांना परत आणावें लागलें. ज्यांच्यासाठीं त्यांच्या राज्यांतील सरकारनें व नातलगांनीं धांवपळ केली, ते परत आले. जुना अनुभवहि असाच बोलका आहे. आसामांतील नागरिक-नोंदपुस्तकाची अंतिम यादी ३१ ऑगस्ट २०१९ रोजीं प्रसिद्ध झाली, तींत १९ लक्षांहून अधिक अर्जदारांचीं नांवें नव्हतीं. माहेरच्या नांवाचा आणि सासरच्या नांवाचा सांधा कागदावर जुळविणें ज्यांना साधलें नाहीं, अशा विवाहित स्त्रिया त्यांत होत्या.

येथवरचा वाद वर्तमानपत्रांच्या वाचकांस परिचितच आहे. परंतु कर्जत-खालापुरांत त्याला एक तिसरी बाजू आहे, आणि ती सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. ही बाजू आहे कातकऱ्याची. येथें जो कोणाच्याहि आधीं राहत होता, त्याच्यापाशींच आपण येथले असल्याचा कागद सर्वांत कमी आहे.

कातकरी अथवा काथोडी हें नांव कातावरून आलें. खैराचें लांकूड उकळून कात काढणें हा या लोकांचा मूळ व्यवसाय. १८७८ च्या जंगल कायद्यानें रानें राखीव झालीं, खैर तोडणें गुन्हा झाला, आणि धंदा हातचा गेला. मग कोळसा पाडणें, दुसऱ्याच्या शेतावर राबणें आणि अलीकडे वीटभट्टी, असा त्यांचा निर्वाह चालत आला. महाराष्ट्रांत विशेष दुर्बळ म्हणून ज्या तीन आदिवासी जमाती सरकारनें गणल्या आहेत, त्यांत कोलाम व माडिया गोंड यांच्याबरोबर कातकरी आहेत. त्यांच्या कित्येक वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जागेंत वसलेल्या असल्यानें घराखालची जमीनहि त्यांच्या नांवावर नसते.

भट्टीचें वर्ष असें चालतें. पावसाळ्यांत घरांत दाणा नसतो, तेव्हां भट्टीवाल्याचा माणूस वाडींत येऊन उचल देतो. दिवाळीनंतर ती फेडण्यासाठीं जोडपें मुलाबाळांसह निघतें. भिवंडी, कल्याण, पनवेल अशा दूरदूरच्या भट्ट्यांवर खोपटें उभीं राहतात. माती मळणें, साच्यानें विटा थापणें, त्या उलथून वाळविणें, भट्टी रचणें हें काम भल्या पहाटेपासून चालतें, आणि मजुरी हजार विटांमागें ठरते. हिशेब मालकाच्या वहींत असतो. पाऊस तोंडावर आला कीं वही उघडतात. कधीं कांहीं हातीं पडतें, कधीं उचलच शिल्लक निघते आणि ती पुढच्या वर्षाच्या डोक्यावर बसते. वेठबिगार नष्ट करणारा कायदा १९७६ सालीं झाला, तरी उचलीची ही गांठ अनेक ठिकाणीं सुटलेली नाहीं. परप्रांतांत जाणाऱ्या मजुरांसाठीं १९७९ चा जो कायदा झाला, तोहि कातकऱ्याच्या उपयोगीं पडला नाहीं. कारण कातकरी तालुका ओलांडतो, जिल्हा ओलांडतो, प्रांत ओलांडीत नाहीं.

या सहा-सात महिन्यांत भट्टीवर मूल जन्मास आलें, तर काय होतें? १९६९ च्या कायद्याप्रमाणें जन्माची नोंद जेथें जन्म झाला तेथेंच व्हावी लागते, आणि तीहि एकवीस दिवसांत. आईबाप भट्टीवरच्या गांवीं उपरे. ग्रामपंचायत कोणती, हेंहि त्यांना ठाऊक नसतें. पावसापूर्वीं तीं वाडीवर परतलीं म्हणजे तेथील नोंदवहींत तें मूल लिहितां येत नाहीं, कारण जन्म तेथें झालेला नसतो. एक वर्ष उलटलें कीं नोंदीसाठीं दंडाधिकाऱ्याचा हुकूम लागतो. पूर्वीं शाळामास्तर अशा मुलाची जन्मतारीख १ जून लिहून मोकळे होत, आणि मुलास निदान शाळेच्या दाखल्याचा आधार मिळे. आतां तोहि मार्ग पुरेसा राहिला नाहीं. २०२३ च्या दुरुस्तीनें १ ऑक्टोबर २०२३ पासून पुढें जन्मलेल्यांच्या बाबतींत शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंत जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा ठरला आहे.

उशिरानें काढलेला दाखला हीच अशा मुलांना उरलेली एक खिडकी. नेमक्या याच खिडकींतून परदेशी लोक बनावट दाखले मिळवितात, अशा तक्रारी झाल्या. २०२५ च्या जानेवारींत महाराष्ट्र सरकारनें असे दाखले देणें कांहीं काळ थांबविलें, आणि मार्चमध्यें पुराव्याच्या व चौकशीच्या अटी कडक करून नवी कार्यपद्धति लावली. सरकारचा हेतु वाईट होता, असें म्हणतां येणार नाहीं. खोटे दाखले निघत असतील तर ते रोखलेच पाहिजेत. परंतु दार लहान केलें कीं चोर त्यांतून वाकून जाण्याची युक्ति शोधतो, आणि डोक्यावर भारा घेऊन येणारी घरची मोलकरीण बाहेर अडकते. ज्याच्यापाशीं पैसा व दलाल आहे, तो चार कागदांऐवजीं आठ कागद आणील. ज्याच्यापाशीं दोन्ही नाहींत, त्याला पहिलाच कागद मिळणार नाहीं. अधिक कागद मागितल्यानें परका सांपडतोच असें नाहीं. गरीब मात्र खात्रीनें सांपडतो.

यावरून तपासणीच करूं नये, असें अनुमान काढणें चूक होईल. तपासणी कोणाची, कोठें आणि कोणाच्या खर्चानें करावयाची, एवढाच प्रश्न आहे. उल्हासनगरच्या वेळीं जीं तीन लक्षणें दिसलीं, त्यांच्याच आधारें त्याचें उत्तर देतां येतें.

पहिली गोष्ट, नोंद करणारा अधिकारी माणसाजवळ गेला पाहिजे. भट्ट्या लपून राहत नाहींत. त्यांचा धूर मैलावरून दिसतो. प्रत्येक हंगामांत ग्रामसेवक व आरोग्यसेविका यांनीं भट्टीवर जाऊन जन्मलेल्या मुलांची तेथल्या तेथें नोंद केली, तर उशिराचा दाखला मागण्याची वेळच पुष्कळांवर येणार नाहीं. अर्ज थोडे आले, म्हणजे उरलेल्यांची बारकाईनें चौकशी करणेंहि सोपें जाईल. कातकऱ्याची सोय आणि बनावट दाखल्यांचा बंदोबस्त या दोन गोष्टी परस्परविरोधी नसून एकाच कामाच्या दोन बाजू आहेत.

दुसरी गोष्ट, पुराव्याचा भार माणसाच्या शक्तीला झेपेल असा असावा. वाडींतील वृद्धांची साक्ष, अंगणवाडीची वही, मतदारयादींतील आईबापांचीं नांवें यांना स्थानिक चौकशींत मोल मिळालें पाहिजे. चौकशीअंतीं जो खरोखर परकीय ठरेल, त्याला त्याच्या देशीं पाठविणें हें राज्याचें कर्तव्यच आहे. परंतु तें अधिकाऱ्यापुढें सुनावणी होऊन, त्याच्या देशाच्या सरकारकडून खात्री करून घेऊन व्हावें. आपल्या घटनेचें एकविसावें कलम नागरिकापुरतें नाहीं, तें प्रत्येक व्यक्तीसाठीं आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं अरुणाचलांतील चकमांच्या प्रकरणांत स्पष्टच सांगितलें आहे.

तिसरी गोष्ट मजुरीची. मजूर कोणीहि असो, झालेल्या कामाची किमान मजुरी मालकाकडून वसूल झालीच पाहिजे. बेकायदा मजूर ठेवण्यांत मालकाचा फायदा काय, तर त्याला कमी द्यावें लागतें व तो तक्रार करीत नाहीं, एवढाच. तो फायदा काढून घेतला, तर अशा मजुरास आणणाऱ्या दलालाचा धंदाहि बसेल. १८६० च्या कायद्यानें मजुरीचा निवाडा आणि मजुराचा दंड एकत्र बांधून जी चूक केली, ती पुन्हा करतां कामा नये. मजुरी मागावयास आलेल्या माणसास आधीं कागद विचारला, तर मजुरी मागण्यास कोणीच येणार नाहीं, आणि मालक निश्चिंत होईल.

या धोरणास खर्च येईल आणि त्याला वेळहि लागेल. एका रात्रींत शेंकडों माणसें पकडल्याच्या बातमींत जो झगमगाट असतो, तो यांत नाहीं. कांहीं थोडे परके चौकशींतून निसटतीलहि. परंतु ज्याची माती पूर्वजांपासून येथली आहे, त्याच्या मुलानें केवळ विटांच्या हंगामांत जन्म घेतला म्हणून तें आयुष्यभर संशयित राहावें, ही किंमत त्यापेक्षां फार मोठी आहे.

याच जिल्ह्यांतील एका समाजानें असा संशय परक्या भूमींत सोसला आहे. जुन्या कुलाबा जिल्ह्याच्या गांवोगांवीं तेलाचे घाणे चालविणारे आणि शनिवारीं काम बंद ठेवणारे म्हणून ज्यांना शनवार तेली म्हणत, ते बेने इस्रायल लोक १९४८ नंतर मोठ्या संख्येनें इस्रायलांत गेले. तेथें १९६२ सालीं धर्मपीठानें त्यांच्या विवाहप्रसंगीं पूर्वजांची चौकशी करण्याचा नियम लावला. शतकानुशतकें कोंकणांत आपला धर्म जपलेल्या या मराठीभाषी लोकांपाशीं वंशावळीचे कागद कोठून असणार? त्यांनीं जेरुसलेममध्यें धरणें धरलें, आणि १९६४ च्या ऑगस्टमध्यें तेथील लोकसभेनें ते सर्वार्थानें समान असल्याचा निर्वाळा दिल्यावर धर्मपीठास आपला नियम बदलावा लागला. त्या वेळीं मराठी माणसास त्यांची बाजू समजण्यास अडचण पडली नाहीं. तीच दृष्टि घरच्या कातकऱ्याकडे आणि कामावरच्या बंगाली मजुराकडे पाहतांना ठेवणें, इतकेंच न्यायाचें मागणें आहे.

मुंबईपुण्याच्या अनेक सुशिक्षित कुटुंबांनीं कर्जत-खालापुरांत सुटीचीं घरें घेतलीं आहेत, आणखी पुष्कळ कुटुंबें घेऊं पाहत आहेत. घर बांधून घेणारा मनुष्य विटेची जात पाहतो, ती नीट भाजली आहे कीं नाहीं हें वाजवून पाहतो. ती ज्यांनीं थापली त्यांचा हिशेब चुकता झाला कीं नाहीं, आणि त्या हंगामांत भट्टीवर जन्मलेल्या मुलाचें नांव कोठें लिहिलें गेलें कीं नाहीं, हेंहि ठेकेदारास विचारण्याचा त्याला अधिकार आहे. असें विचारणारे गिऱ्हाईक थोडे जरी निघाले, तरी पुढच्या दिवाळीनंतर भट्टीवर वहीच्या जोडीस नोंदीचें एक पुस्तकहि दिसूं लागेल.